आवर्ती रचनेच्या काचेत अडणारा प्रकाश, तीव्रता वाढवली की आरपार कसा जातो?

तुम्ही विचारलंय की जी तरंगलांबी ग्रेटिंग (म्हणजे काचेतली अशी आवर्ती रचना) परत पाठवतं, तीच जास्त शक्तीने सोडली तर पलीकडे निघते. मग प्रकाश भिंत फोडतो का? नाही. भिंत बाजूला सरकते, आणि सरकवतो प्रकाशच. मी फायबर ग्रेटिंगवर काम करतो, म्हणून तेच उदाहरण घेतो.

फायबरच्या (केसासारख्या बारीक काचतंतूच्या) गाभ्यात अपवर्तनांक, म्हणजे काच प्रकाशाला किती मंदावते ते सांगणारा आकडा, ठरावीक अंतराने किंचित कमीजास्त केलेला असतो. 1550 नॅनोमीटरसाठी हे अंतर साधारण 535 नॅनोमीटर. प्रत्येक चढउतारावरून जेमतेम परावर्तन होतं, पण मागे येणाऱ्या सगळ्या लाटा एकाच तालात जुळतात आणि जवळजवळ सगळा प्रकाश उलट फिरतो. प्रत्येक तरंगलांबीचा किती प्रकाश आला ते दाखवणाऱ्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरच्या पडद्यावर पलीकडच्या टोकाचा आलेख सपाट चाललेला असतो आणि मध्येच खोल खड्डा दिसतो, बहुतेकदा नॅनोमीटरच्या काही दशांशांइतकाच रुंद. तोच निषिद्ध पट्टा, म्हणजे आरपार न जाणाऱ्या तरंगलांबींचा पट्टा.

आता अरेषीय भाग, म्हणजे प्रकाशाच्या तीव्रतेनुसार काचच बदलते तो. काचेचा अपवर्तनांक प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर वाढतो (केर परिणाम), पण किती? दर चौरस सेंटीमीटरला 10 गिगावॉट एवढी प्रचंड तीव्रता दिली तरी वाढ फक्त 0.0000026 च्या आसपास. एवढ्याने खड्डा जांभळ्याकडे नव्हे, लांब तरंगलांबीकडे सरकतो, तोही नॅनोमीटरच्या हजारांशांत. म्हणून काचेत पट्ट्याच्या मधोमध असलेल्या प्रकाशाला सहसा काही फरक पडत नाही. लोकप्रिय लेखांत हे सांगायचं राहून जातं. सुटका होते ती आखूड तरंगलांबीच्या काठाला चिकटून असलेल्या प्रकाशाची. काठावर प्रकाशाचा वेग आधीच मंदावलेला असतो, ऊर्जा ग्रेटिंगमध्ये साठते आणि आतली तीव्रता बाहेरच्यापेक्षा बरीच वाढते. त्यामुळे हा इवलासा बदलही पुरतो.

याच काठाजवळ ग्रेटिंगचं अपस्करण (वेगवेगळ्या तरंगलांबी वेगवेगळ्या वेगाने जाणं) साध्या फायबरच्या कितीतरी पट असतं. ते स्पंदाला, म्हणजे प्रकाशाच्या छोट्या झोताला, पसरवू पाहतं, केर परिणाम त्याला आवळतो. दोन्ही तोलले की स्पंद आकार न बदलता पुढे जातो, नेहमीपेक्षा कमी वेगाने. अशा स्पंदाला सोलिटॉन म्हणतात. साध्या फायबरमध्ये सोलिटॉन घडायला लांबचलांब तार लागते, इथे काही सेंटीमीटरमध्ये काम होतं. 1987 मध्ये चेन आणि मिल्स यांनी आवर्ती माध्यमातल्या अशा सोलिटॉनचं गणित मांडलं. 1996 मध्ये बेल लॅब्जमधल्या एगलटन, स्लशर आणि सहकाऱ्यांनी फायबर ग्रेटिंगमध्ये असे स्पंद प्रत्यक्ष दाखवले.

आणखी एक गंमत: काही तीव्रतांना आत सोडलेली शक्ती तीच असूनही बाहेर दोन वेगवेगळी उत्तरं येऊ शकतात. शक्ती वाढवत त्या बिंदूला पोहोचलात की कमी करत, यावर ते ठरतं. याच गुणामुळे प्रकाशानेच प्रकाश चालूबंद करणारे स्विच करायच्या कल्पना निघाल्या. काचेच्या फायबरमध्ये मात्र त्यासाठी लागणारी शक्ती रोजच्या दूरसंचारातल्या संदेशांच्या शक्तीपेक्षा फारच जास्त आहे, त्यामुळे हे स्विच मुख्यतः प्रयोगशाळेतच राहिले.