वाचकांचे प्रश्न : ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतो तेव्हा

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सला बाहेरून जादा कूलर बसवावा का, या एकाच विषयावरची बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमची सात आसनी डिझेल ऑटोमॅटिक गाडी ९०,००० किलोमीटर चालली आहे. भरल्या गाडीने पसरणी घाट चढताना वरच्या टप्प्यात गिअर बदलला की झटका बसतो. पाचगणीला गाडी गार झाली की तक्रार संपते. गॅरेजवाले जादा कूलर लावा म्हणतात. लावावा का? (सातारा)

उत्तर : आधी तेलाचं तापमान मोजा, कूलरचं नंतर ठरवा.

तुमच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे असं धरून चालू. त्यात इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे जाते. सपाट रस्त्यावर ठरावीक वेगानंतर कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच बसतो आणि घसरण थांबते. चढावर वेग कमी, भार जास्त. लॉकअप सुटतो, इंजिन वेगाने फिरतं आणि गिअरबॉक्सची बाजू मागे राहते. या फरकात जी ताकद वाया जाते, तिची सगळी उष्णता तेलातच उतरते. इंजिन ३० किलोवॉट देतंय आणि कन्व्हर्टर त्यातली ८० टक्केच पुढे पोचवतोय, असं समजा. मग ६ किलोवॉट तेलात जातात, म्हणजे घरातले २ किलोवॉटचे तीन गिझर त्या सात-आठ लिटर तेलात एकदम चालू ठेवल्यासारखं झालं.

हे तेल, म्हणजे एटीएफ, ८० ते ९५ अंश सेल्सिअसला सुखात असतं. चढावर थोडा वेळ ११०ला गेलं तर घाबरू नका. १२०च्या वर मात्र त्याचं ऑक्सिडेशन झपाट्याने वाढतं आणि व्हॉल्व्हवर चिकट लेप बसू लागतो. त्याहून वर रबरी सील कडक होतात आणि १५०च्या आसपास क्लच प्लेटचं अस्तर जळायला लागतं. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य निम्म्यावर येतं, हा ढोबळ हिशेब या कामात सगळे धरतात.

तेव्हा गिअरबॉक्सचं तापमान दाखवणारा स्कॅनर लावून तोच घाट तेवढ्याच माणसांनिशी चढा. मोबाइलवरच्या साध्या ओबीडी अ‍ॅपमध्ये (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या) हा आकडा बहुतेक वेळा दिसत नाही, त्याला त्या मॉडेलचा कोड लागतो. आकडा १२०च्या पुढे जात असेल आणि झटका तेव्हाच येत असेल, तर कूलरचा विचार योग्य आहे. ९० अंशांनाही झटका येत असेल तर दोष उष्णतेचा नाही. जुनं तेल, कमी पातळी, थकलेला सोलेनॉइड (तेलाचा दाब वळवणारा विजेचा व्हॉल्व्ह) किंवा झिजलेले क्लच, यांतलं काहीतरी आहे आणि कूलर त्यातलं काहीच दुरुस्त करत नाही.

आणखी एक गोष्ट गॅरेजमध्ये सहसा तपासली जात नाही. पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरमधून जातं आणि आपली उष्णता कूलंटला देतं. कूलंटच १०५ अंशांना असेल तर तेल त्याच्या खाली येणारच कसं? म्हणून एसीच्या कंडेन्सरची आणि रेडिएटरची जाळी चिखल, किडे, कापूस यांनी भरली आहे का ते पाहा. दोघांच्या मधली फटही बघा, कचरा तिथेच अडकतो. पंखा पूर्ण वेगाने फिरतो का, तेही तपासा. नुसत्या सफाईने गिअरबॉक्सचं तापमान खाली आलेल्या गाड्या कमी नाहीत.

घाटात गाडी ‘डी’मध्ये सोडू नका. मॅन्युअलमध्ये घेऊन दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवा. आवाज वाढेल, पण कन्व्हर्टरमधली घसरण कमी होते आणि पंपही जास्त तेल फिरवतो.

प्रश्न : माझी लहान गाडी एएमटी आहे, भावाची डीसीटी. दोन्हींना कूलर लावता येईल का? (पुणे)

उत्तर : एएमटीला नाही. तो मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, फक्त क्लच आणि गिअर यंत्राने हलतात. तापतो तो कोरडा क्लच आणि त्याच्याभोवती तेल नसतंच. कोरड्या क्लचच्या सात गिअरवाल्या डीसीटीलाही, म्हणजे दोन क्लचच्या गिअरबॉक्सलाही, हेच लागू. ट्रॅफिकमध्ये इशारा येतो तो क्लच अर्धवट धरून गाडी सरपटत राहिल्यामुळे. पुढच्या गाडीपासून अंतर राहू द्या, दोन-तीन गाड्यांची जागा झाली की एकदम पुढे या, आणि चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका. ओल्या क्लचच्या डीसीटीला कंपनीचा कूलर असतोच.

सीव्हीटीचं, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पुलींवर पट्टा किंवा साखळी फिरवणाऱ्या गिअरबॉक्सचं, थोडं वेगळं आहे. तिथे तेल तापलं की संगणक इंजिनाची ताकद कमी करतो, म्हणून कूलरचा उपयोग होतो. पण तेल सीव्हीटीचंच हवं. साधं एटीएफ घातलं तर पट्टा किंवा साखळी पुलीवर घसरते आणि गिअरबॉक्स जातो.

प्रश्न : तापमान मोजलं, १२५ येतं. कूलर स्थानिक मेकॅनिककडून बसवून घ्यायचा आहे. कोणता घ्यावा आणि कामात काय पाहावं? (नाशिक)

उत्तर : गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. बाहेरच्या फिटिंगचं कारण पुढे करून गिअरबॉक्सचा दावा नाकारला जाऊ शकतो.

मग कंपनीचा कूलर कुठे आहे ते पाहा. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत तो थेट गिअरबॉक्सवर बसवलेला चौकोनी प्लेटचा असतो आणि त्याला तेलाचे पाइप नसतात, फक्त कूलंटचे असतात. तिथे पाइप कापून जोडणी होत नाही. त्या मॉडेलची अ‍ॅडॉप्टर प्लेट मिळाली तरच काम हाती घ्या. पुढचं सगळं रेडिएटरपर्यंत तेलाचे दोन पाइप जाणाऱ्या गाड्यांसाठी आहे.

कूलर तीन प्रकारचे मिळतात. वळवलेली नळी आणि पत्र्याचे पंख असलेला सर्वांत स्वस्त, पण तेवढ्याच आकारात थंडावा कमी देतो. त्यानंतर प्लेट आणि पंखांचा. तिसरा एकावर एक रचलेल्या प्लेटचा, म्हणजे स्टॅक्ड प्लेट. तोच घ्या. थंड, घट्ट तेलाला त्यात कमी विरोध होतो आणि लहान आकारात काम भागतं. तुमच्या गाडीला साधारण २८ × १५ सेंटिमीटर, ४ सेंटिमीटर जाडीचा पुरे. फार मोठा बसवला तर कंडेन्सरची हवा अडते आणि उन्हाळ्यात एसी मार खातो.

जोडणी कुठे करायची, इथे सर्वांत जास्त चुका होतात. गिअरबॉक्समधून निघालेलं गरम तेल आधी रेडिएटरमधल्या कूलरमध्ये, तिथून जादा कूलरमध्ये आणि मग परत गिअरबॉक्समध्ये, असा क्रम हवा. उलटा केला तर जादा कूलरने निववलेलं तेल रेडिएटरमध्ये जाऊन पुन्हा तापतं. परतीचा पाइप ओळखायला थंड इंजिन चालू करून गिअर टाका, चार-पाच मिनिटांनी दोन्ही धातूच्या पाइपांचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. जास्त गरम तो जाण्याचा, कमी गरम तो परतीचा. फरक स्पष्ट नसेल तर परतीचा वाटणारा पाइप रेडिएटरच्या तोंडाशी सोडा, दोन्ही उघड्या तोंडांखाली बाटल्या धरा आणि इंजिन काही सेकंदच चालवा. तेल रेडिएटरच्या तोंडातून आलं तर पाइप परतीचाच आहे. याच जागी प्रवाहही मोजून घ्या : आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, २० सेकंदांत लिटरभर तेल यायला हवं. फारच कमी आलं तर कुठेतरी अडथळा आहे. तो शोधल्याशिवाय कूलर जोडू नका. वीस सेकंदांपेक्षा जास्त इंजिन चालवू नका, पंप कोरडा पडेल.

होज ट्रान्समिशन ऑइल कूलरसाठीचाच घ्या, त्यावर ‘एसएई जे१५३२’ असं छापलेलं असतं. पेट्रोलचा किंवा हीटरचा होज दिसायला सारखा असला तरी गरम एटीएफने आतून फुगतो, मऊ पडतो आणि एक दिवस निसटतो. आतला व्यास पाइपाएवढा, म्हणजे ८ किंवा ९.५ मिलिमीटर. धातूचा पाइप कापला तर तोंडाला फुगवटा काढून घ्या, गुळगुळीत पाइपावर नुसत्या क्लॅम्पच्या भरवशावर होज राहत नाही. क्लॅम्प गोल दाबणारा, इंजेक्शन होजचा वापरा. सायलेन्सरच्या पाइपापासून आणि पट्ट्यांपासून होज किमान आठ-दहा सेंटिमीटर लांब ठेवा. सुटलेलं तेल तापलेल्या एक्झॉस्टवर उडालं तर गाडी पेटते. या एका मुद्द्यावर मेकॅनिकशी वाद झाला तरी मागे हटू नका.

कूलर कंडेन्सरच्या पुढे, एक-दोन सेंटिमीटर फट ठेवून, पत्र्याच्या पट्ट्या आणि रबरी बुश लावून चासीच्या आडव्या पट्टीला बसवा. पाकिटात येणाऱ्या प्लास्टिकच्या काड्या कंडेन्सरच्या पंखांतून आरपार घालून कूलर अडकवतात, तसं करू देऊ नका. खड्ड्यांच्या रस्त्यावर तो घासत राहतो आणि काही महिन्यांत कंडेन्सरच्या नळीला भोक पडून गॅस जातो. कूलरची तोंडं वर किंवा बाजूला असू द्या. खाली ठेवली तर वरच्या भागात हवा अडकते.

कूलर आणि होज मिळून साधारण अर्धा लिटर तेल जास्त लागतं. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. लाल रंग बऱ्याच तेलांचा सारखा असतो, गुणधर्म नाही. डिपस्टिक असेल तर तेल गरम असताना, सगळे गिअर एकदा फिरवून, इंजिन चालू ठेवून पातळी बघा. डिपस्टिक नसेल तर गाडी सपाट उचलून, इंजिन चालू असताना खालचा पातळीचा बोल्ट उघडावा लागतो, आणि तेही तेल ठरावीक तापमानाला असताना. बऱ्याच गिअरबॉक्सना ही मर्यादा ३५ ते ४५ अंश असते. पन्नास-साठ अंशांना उघडलात तर फुगलेलं तेल बाहेर पडतं आणि गिअरबॉक्स कायमचा कमी तेलावर चालतो. पन्नास किलोमीटरनंतर सगळे जोड कोरड्या कापडाने पुसून पाहा.

प्रश्न : जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल गुलाबी, ताकासारखं दिसतंय. तेल बदलून भागेल का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. गाडी चालू करू नका. रेडिएटरमधला कूलर आतून फुटला आहे आणि कूलंट गिअरबॉक्समध्ये गेलं आहे. क्लच प्लेटचं अस्तर कागदाच्या जातीचं असतं. ते पाणी ओढून फुगतं, चिकटवण सुटते आणि अस्तराचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जातात. गाडी अशा तेलावर फार चालली नसेल तर नवा रेडिएटर टाकून, कन्व्हर्टरसकट सगळं तेल पुन्हा पुन्हा बदलून काही गिअरबॉक्स वाचतात. चालली असेल तर गिअरबॉक्स उघडणंच आलं. त्या वेळी प्लेटचा जुना जादा कूलर धुऊन वापरू नका, आतली बारीक घाण पूर्ण निघत नाही. नवा घ्या आणि परतीच्या पाइपावर चुंबक असलेला फिल्टर लावा.

वीस वर्षांच्या आसपास वयाच्या गाडीला जुनाच रेडिएटर ठेवायचा असेल, तर महाराष्ट्राच्या हवेत त्यातला कूलर पूर्ण वगळून फक्त बाहेरचा, थोडा मोठा ठेवणं चालतं. त्यासोबत सुमारे ८० अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट हवा. तेल गार राहिलं तर लॉकअप उशिरा बसतो आणि इंधन जास्त जातं.

प्रश्न : उन्हाळ्यात पिकअपमागे बोट ओढतो, हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस. दोन्हीला एकच कूलर चालेल? (मिनिआपोलिस, अमेरिका)

उत्तर : चालेल, रेडिएटरमधला कूलर मात्र साखळीत राहू द्या. थंडीत तोच तेलाला ऊब देतो. जादा कूलरला बायपास किंवा थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर घट्ट झालेलं तेल त्यात अडतं आणि गिअरबॉक्सकडे परत जाणारा प्रवाह घटतो. त्याआधी जाळीतून आत डोकावा. ट्रेलर ओढण्याचं पॅकेज घेतलेलं असेल तर बहुधा कंपनीनेच कूलर दिलेला असेल. ओढताना ‘टो-हॉल’ मोड लावा, वरच्या गिअरमध्ये जा-ये थांबते.

प्रश्न : सुट्टीच्या दिवशी खंडाळ्याच्या घाटात गाड्या तुंबल्या असताना गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला तर? (ठाणे)

उत्तर : कडेला सुरक्षित जागा मिळताच थांबा, ‘पी’मध्ये टाका, हँडब्रेक लावा, एसी बंद करा. इंजिन मात्र बंद करू नका. तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो, इंजिन थांबलं की कूलरमधून तेल जाणंही थांबतं. कूलंटचा काटाही लाल भागात असेल तरच इंजिन बंद करा. दिवा सहसा दहा-पंधरा मिनिटांत विझतो, त्यानंतरही आणखी थोडं थांबून निघा. रांगेत उभं असताना चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर धरू नका, ब्रेक किंवा ऑटो-होल्ड वापरा.

दिवा विझल्यावरही गिअर घसरत असेल किंवा जळका वास येत असेल तर गाडी चालवू नका, सपाट ट्रकवर चढवून न्या. दोरीने किंवा इंजिनाने फिरणारी चाकं जमिनीवर ठेवून ओढली, तर आतले भाग फिरतात पण पंप बंद असतो आणि तेलाविना बेअरिंगं जातात.