घोड्याच्या सांध्यातल्या जंतुसंसर्गावर अँटिबायोटिकऐवजी स्टेम सेल किंवा प्लेटलेट्स चालतील का?

आज तरी ‘ऐवजी’ नाही, ‘जोडीला’. सांध्यात शिरलेले जंतू तिथल्या वंगणात गुठळ्या करून बायोफिल्मच्या, म्हणजे स्वतःभोवती केलेल्या चिकट थराच्या आड दडतात, औषध त्यांच्यापर्यंत नीट पोचतच नाही. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात घोड्यांच्याच प्लेटलेट्सपासून काढलेल्या द्रावाने प्रयोगशाळेत ही बायोफिल्म मोडली आणि अमिकासिन हे अँटिबायोटिक पुन्हा लागू पडलं. मला हे फार आशादायक वाटतं. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात आधी चेतवलेल्या स्टेम सेल (मूळ पेशी) व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकसोबत घोड्यांच्या सांध्यात टोचल्या, तेव्हा नुसत्या औषधापेक्षा जंतू कमी राहिले.

पण तुमचा घोडा अचानक पाय टेकेनासा झाला आणि सांधा हाताला गरम, फुगलेला लागला, तर त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवा. सांधा आतून धुऊन काढणं टाळता येत नाही, आणि झिजलेली कूर्चा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.