काबूल ते कंदाहार : आधी दाण्याचा हिशेब मांड

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या इंग्रज-अफगाण युद्धात इंग्रजांच्या फौजेने काबूलहून कंदाहारपर्यंत कूच केलं, त्यावरचं तुझं टिपण वाचलं. त्यात मैवंदचा पराभव आहे, इंग्रज सेनापती जनरल रॉबर्ट्स आहे, 1 सप्टेंबर 1880 ची कंदाहारची लढाई आहे. दाणावैरण मात्र कुठेच नाही. लढाई एका दिवसात आटोपली. त्याआधीचे तेवीस दिवस ही फौज खात काय होती, हे कळल्याशिवाय तिचं कूच कळत नाही.

मूळ आकडे आधी समोर ठेव. 27 जुलैला अफगाण सरदार आयूबखानाने कंदाहारजवळ मैवंदला इंग्रजांची ब्रिगेड मोडली. तिच्यात आपल्या मुंबई इलाख्याच्या फौजेचे पहिले ग्रेनेडियर्स होते, जेकब्स रायफल्स होते, बॉम्बे सॅपर्स होते. उरलेले लोक कंदाहारच्या तटाआड कोंडले गेले. त्यांच्या सुटकेसाठी रॉबर्ट्स 9 ऑगस्टला काबूलहून निघाला आणि 31 ऑगस्टला पोहोचला. अंतर 313 मैल, म्हणजे सुमारे 500 किलोमीटर. सोबत साधारण 2,800 युरोपीय आणि 7,100 हिंदी सैनिक, 8 हजार बाजारबुणगे आणि 8 हजारांवर ओझ्याची जनावरं. चाकाची एकही तोफ नाही. खेचरांच्या पाठीवर खोलून नेता येतील अशा 18 डोंगरी तोफा.

आता हिशेब. ओझ्याच्या एका जनावराला रोजचा दोन किलो दाणा धर. आठ हजारांना सोळा टन लागतात. एक खेचर सत्तरेक किलो वाहतं असं मान. म्हणजे नुसत्या जनावरांच्या एका दिवसाच्या दाण्यासाठी सव्वादोनशे खेचरं, आणि तेवीस दिवसांचा दाणा बरोबर घ्यायचा तर पाच हजारांहून जास्त. ती पाच हजार खेचरंही खाणारच. माणसांची कणीक यात अजून धरलेलीच नाही. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. तू दाणा दीड किलो धरून बघ, तरी निष्कर्ष हलत नाही : ही फौज स्वतःचं अन्न वाहून नेऊच शकत नव्हती. ती वाटेवरच्या शेतांवर जगली.

एकदा हे दिसलं की बाकीचे निर्णय आपोआप उलगडतात. रॉबर्ट्सने मैदान नावाच्या मुलखातून जाणारा सरळ रस्ता सोडून लोगर खोऱ्याचा लांबचा रस्ता का धरला? तिथे पीक होतं. ऑगस्ट का सोयीचा पडला? शेतात मका उभा होता आणि हिरवी ताटं वैरणीला चालत होती. अब्दुर रहमानला इंग्रजांनी जुलैमध्येच काबूलचा अमीर म्हणून मान्यता दिली होती, त्यामुळे कंदाहारपर्यंत वाटेत लढावं लागलं नाही आणि धान्य विकत मिळालं. ‘विकत’ हा शब्द मात्र जपून वापर. दहा हजार बंदुका गावाबाहेर उतरल्यावर शेतकऱ्याला नाही म्हणायची मोकळीक किती उरते? सरपण तर इतकं दुर्मिळ होतं की घरं विकत घेऊन पाडली आणि त्यांच्या लाकडांवर स्वयंपाक झाला. पैसे दिले, हे खरं. पण पुढचा हिवाळा त्या कुटुंबांनी कुठे काढला, हा प्रश्न तुझ्या टिपणात यायलाच हवा. विजयाच्या वर्णनात तो कोणी विचारत नाही.

दिवसाचा क्रम असा : पावणेतीनला उठवणी, तंबू पाडून ओझी लादायची आणि चारला कूच. दर तासाअखेर काही मिनिटं थांबायचं. आठच्या सुमारास न्याहारीसाठी वीस मिनिटं. पहाटे कडाक्याची थंडी, दुपारी भाजणारं ऊन. सामानावर कडक बंधन होतं. गोऱ्या सैनिकाला 30 पौंड, हिंदी सैनिकाला 20 पौंड, म्हणजे जेमतेम नऊ किलो.

सगळ्यात जास्त वेळ पिछाडीवर घालव. आठ हजार जनावरं अरुंद वाटेवर एकामागे एक चालली आणि प्रत्येकाला तीन मीटर जागा लागली, तर रांग चोवीस किलोमीटरची होते. ताशी चार किलोमीटरने पहिलं जनावर दहा वाजता पडावाच्या जवळ पोहोचतं, तेव्हा शेवटचं अजून जुन्या पडावावरून हलतंय. म्हणून जिथे मोकळं मैदान मिळेल तिथे अनेक रांगा करून चालायचं. झम्बुरक खिंडीसारख्या जागी ते जमत नाही. मग पिछाडी रात्र पडल्यावर मुक्कामी येते. तिच्यातल्या माणसांना झोप सगळ्यात कमी, पाणी सगळ्यात गढूळ. दमून मागे पडलेल्या बाजारबुणग्याच्या जिवाची शाश्वती नव्हती.

खेचरं निकामी होण्याचं नेहमीचं कारण पाठीची जखम. अंधारात घाईने लादलं की दोन बाजूंची ओझी असमान होतात, पलाण सरकतं, चढावर पाठ सोलते. दुसऱ्या दिवशी तिच्यावरच पुन्हा पलाण चढतं. त्या जनावराचं ओझं दुसऱ्यांवर वाटलं की त्यांच्याही पाठी जातात. जनावरं हाकणारे कमी होते, ते पळून जाण्याचीही धास्ती होती. म्हणून सैनिकांनाच ओझी लादायला लावलं होतं. हा तपशील छोटा समजू नकोस.

तुलनेसाठी जनरल फेअर घे. तो मुंबईच्या फौजेसह क्वेट्ट्याच्या बाजूने कंदाहारकडे निघाला होता. अंतर रॉबर्ट्सच्या निम्म्याहूनही कमी, तरी लढाईपूर्वी तो पोहोचला नाही. पलटणी लांबलचक रस्त्याच्या राखणीला विखुरलेल्या, ओझ्याची जनावरं अपुरी आणि मुलूख उजाड. त्याला सुस्त म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते अन्यायाचं वाटतं.

आता टिपण पुन्हा लिही. गझनीपासून कलात-ए-गिल्झाईपर्यंतचे 134 मैल आठ दिवसांत कापले, तेवढाच टप्पा घे. प्रत्येक मुक्कामापुढे चार गोष्टी मांड : पाणी कुठलं, दाणा कुठून, सरपण कशाचं, आणि पिछाडी किती वाजता आली. जिथे उत्तर सापडणार नाही ती जागा कोरी ठेव आणि तसंच मला पाठव.

तुझा,
काका