यिर्मयाचे पत्र आधी पूर्ण वाच

प्रिय बाळ,
सप्रेम जय ख्रिस्त.

तरुण संघात पहिल्यांदाच वचन सांगायला तुला यिर्मया २९:११ मिळाले: ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत,’ असे देव म्हणतो ते वचन. त्यावर तू लिहिलेली चार पाने मी दोनदा वाचली. मनापासून लिहिले आहेस. पण निकाल, नोकरी, लग्न, सगळ्याची हमी तू त्या एका ओळीतून काढलीस आणि तिथे मी अडलो.

ती ओळ एका पत्रातली आहे, पोरी. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून राजाला, कारागिरांना, लोहारांना धरून बाबेलला नेले. त्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने हे पत्र धाडले. वरचेच दहावे वचन बघ: सत्तर वर्षे. म्हणजे पत्र ऐकायला बसलेल्या बहुतेक मोठ्या माणसांची हाडे बाबेलच्याच मातीत जाणार होती. त्यांना देव सांगतो, घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, तुम्हाला जिथे नेले त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. ‘हिताचे संकल्प’ येतात ते यानंतर. आणि आपल्या मराठी बायबलात देव एकट्या माणसाशी बोलतो तेव्हा ‘तू’ म्हणतो. इथे ‘तुम्ही’ आहे, सगळी प्रजा. इंग्रजी पोस्टरवर हा फरक दिसत नाही, आपल्याला दिसायला हवा.

आता एक पान मागे, अठ्ठाविसाव्या अध्यायात जा. बाबेलच्या सत्तेखाली राहावे लागेल याची खूण म्हणून यिर्मया मानेवर जू घालून उभा आहे. मंदिरात, याजकांसमोर, लोकांसमोर हनन्या संदेष्टा सांगतो, दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मया चक्क ‘आमेन’ म्हणतो. त्यालाही तेच हवे होते! मग हनन्या त्याच्या मानेवरचे जू काढून मोडून टाकतो. पुढे देवाचा शब्द येतो: लाकडी जू मोडलेस, त्याच्या जागी लोखंडी येईल. अकरावे वचन तेवढेच तोडून घेतले की आपण यिर्मयाच्या तोंडी हनन्याचे बोलणे घालतो.

मी हे केले आहे. उमेदीच्या वयात, तरुण मुलगा गेलेल्या एका आईला दफनानंतर तिसऱ्या दिवशी हेच वचन वाचून दाखवले. तिने पदराचे टोक मुठीत पिळले आणि विचारले, “मग त्याच्यासाठी काय संकल्प होता?” मला बोलता आले नाही. त्या दिवशी ८८वे स्तोत्र वाचायला हवे होते. ते अंधारातच संपते, आणि तरीही ती प्रार्थना आहे.

मुलीने वचन सांगू नये म्हणून कोणी तुला पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातले १४:३४ दाखवले, ‘स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे’, हेही कळले. ‘गप्प राहावे’ हेच ग्रीक क्रियापद त्याच अध्यायात आणखी दोनदा येते: अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषा बोलणाऱ्याला, आणि दुसऱ्याला प्रकटीकरण झाले तर आधी बोलणाऱ्या संदेष्ट्याला. शिवाय त्याच पत्रात ११:५ मध्ये पौल प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या स्त्रियांबद्दल बोलतो. त्यांनी ते करूच नये असे तिथे म्हणत नाही. काही जुन्या हस्तलिखितांत ३४-३५ ही वचने अध्यायाच्या शेवटी आहेत. विद्वानांचा वाद मिटलेला नाही, पण सरसकट मौनाचा अर्थ मला पटत नाही. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणले. त्या कामाच्या वारसांत तूही आहेस. तरी आक्षेप घेणाऱ्यांशी तिथेच वाद घालू नकोस. दोन्ही अध्याय घेऊन त्यांच्या घरी जा, सोबत बसून वाचा.

रविवारी बोलायच्या आधी २९वा अध्याय पहिल्यापासून चौदाव्या वचनापर्यंत मोठ्याने वाच. सावकाश. एलासा आणि गमऱ्या या नावांशी जीभ अडखळेल, तरी ती गाळू नकोस. ते पत्र बाबेलपर्यंत त्या दोघांच्या हातून गेले.

तुझा,
काका