वाचताना सगळं येतं, मग पेपरात का आठवत नाही?

"मॅडम, वाचताना सगळं कळतं, पण पेपर हातात आला की डोकं कोरं. माझी स्मरणशक्तीच गेलीय का?" स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींचा हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. तसाच तो स्मिताचा होता (नाव बदललं आहे). पुण्यात कॉट बेसिसवर राहणारी, दिवसभर अभ्यासिकेत बसणारी मुलगी.

आधी झोप, भूक, मनःस्थिती विचारून घेतली. तिथे काही बिघडलं असेल तर उपाय वेगळा असतो. तसं काही नव्हतं. मग तिला राज्यघटनेच्या नोट्स काढायला लावल्या. आणीबाणीचं प्रकरण तीन रंगांच्या हायलायटरने रंगलेलं, कितीतरी वेळा वाचलेलं. वही मिटून मी विचारलं, "राष्ट्रीय आणीबाणीला संसदेची मंजुरी किती काळात लागते?"

"एक महिना... की दोन? दोन्ही बरोबर वाटतंय."

वाटणारच! राष्ट्रीय आणीबाणीच्या कलम 352 ला एक महिना लागतो, राष्ट्रपती राजवटीच्या कलम 356 ला दोन. दोन्ही आकडे डोळ्यांखालून इतक्यांदा गेलेले की दोन्ही ओळखीचे झाले होते. चेहरा ओळखीचा वाटतो पण नाव आठवत नाही, तसंच हे. ओळख पटली की मन 'हे मला येतं' असं धरून चालतं आणि पान उलटतं. पर्याय समोर आले की मात्र ओळख कामाची नसते, आणि निगेटिव्ह मार्किंग तिथेच मार्क खातं.

रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच दाखवलं. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने थोडा वाचून तो तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, 83 विरुद्ध 71 टक्के. आठवड्याने त्यांना 40 टक्केच आठवलं, लिहिणाऱ्यांना 61. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील, अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती!

स्मिताला सांगितलं, एक मुद्दा वाच, वही मीट, कोऱ्या कागदावर लिही, मग चुका तपास. चार दिवसांत तिचा रडवेला फोन आला, "आता तर काहीच येत नाहीये." मी म्हटलं, "येत नव्हतं ते आधीही येत नव्हतं, आत्ता फक्त दिसायला लागलंय. थांबू नकोस."

पुढच्या भेटीत तिने एक कागद दाखवला. समासात तिचीच नोंद होती: '352 लाही आधी दोन महिनेच होते. 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने एक केला.' हे कारण तिने स्वतः शोधलं होतं. पुढचं प्रकरण कुठलं घ्यायचं, हेही तीच ठरवून आली होती.