नक्षी शाबूत, टायर म्हातारा

प्रश्न : आमचं मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, वर्षातले आठ-नऊ महिने उभंच असतं. टायरची नक्षी नव्यासारखी आहे, पण बाजूला केसासारख्या बारीक चिरा दिसू लागल्या आहेत. झीज नाही, मग चिरा कशाने? आणि हे टायर किती दिवस वापरावेत?

उत्तर : गाडी उभी असते म्हणूनच चिरा पडतात. टायरच्या रबरात ओझोनला रोखणारी रसायनं आणि मेण मिसळलेलं असतं. चाक फिरताना रबर दबतं, सुटतं, तापतं. त्यामुळे हे मेण वर येत राहतं आणि पृष्ठभागावर त्याचा पातळ थर टिकतो. गाडी उभी राहिली की हा पुरवठा मंदावतो. थर विरला की हवेतला ओझोन ताणलेल्या रबरावर काम सुरू करतो. टायर जमिनीलगत जिथे फुगलेला असतो तिथे ताण जास्त, म्हणून चिराही तिथे आधी. ऊन आणि उष्णता त्यात भर घालतात. रोज धावणाऱ्या गाडीचा टायर म्हातारा होण्याआधीच झिजून जातो. मोटरहोमचं उलटं आहे, तेव्हा नक्षीवर विसंबू नका.

टायरचं वय त्याच्यावरच छापलेलं असतं. ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा. 3219 म्हणजे 2019 सालचा 32वा आठवडा. पूर्ण ओळ बऱ्याचदा एकाच बाजूला असते, आणि नेमकी तीच बाजू आत बसवलेली असते. मग गाडीखाली वाकण्याला पर्याय नाही. खरेदीची पावती इथे उपयोगाची नाही, कारण टायर दुकानातही म्हातारा होतच असतो. मिशेलिनच्या सल्ल्यानुसार 5 वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि 10 वर्षं झाली की टायर कितीही चांगला दिसला तरी बदलावा. जास्त भार वाहत बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी ही मर्यादा आम्हाला सैल वाटते. सातव्या वर्षाच्या पुढे जाऊ नये.

चिरेची खोली 0.8 मिमीपेक्षा कमी असेल तर टायर चालेल. 0.8 ते 1.6 मिमी असेल तर टायरवाल्याला दाखवा. त्याहून खोल असेल तर प्रवासाला निघूच नका. फुगवटा आला असेल किंवा आतले धागे दिसत असतील तर मोजत बसण्याचंही कारण नाही. मागे जोडचाकं असतील तर आतलं चाक आणि स्टेपनी हमखास तपासायची राहतात.

प्रश्न : गाडी सहा महिने उभी ठेवायची आहे. हवा थोडी कमी करावी का? आणि जॅक लावून चाकं उचलावीत का?

उत्तर : हवा मुळीच कमी करू नका. टायर बसला की बाजूंवरचा ताण वाढतो आणि खाली सपाट डाग पडतो. नेहमीचा डाग थोडं अंतर चालवल्यावर जातो, पण कमी हवेवर महिनोन्‌महिने पडलेला कायमचा राहू शकतो. उभी करताना टायरवर छापलेल्या कमाल दाबापर्यंत हवा भरा, मात्र रिम आणि व्हॉल्व्हला तो दाब झेपतो याची खात्री करून. मोटरहोमच्या टायरमध्ये 5.5 बार, म्हणजे सुमारे 80 पीएसआय, इतका दाब असू शकतो. तिथे साधा रबरी व्हॉल्व्ह नको, धातूचाच हवा. टायर थंड असताना महिन्यातून एकदा दाब बघा. महिन्याला 1-2 पीएसआय उतरणं नेहमीचंच. प्रवासाला निघण्यापूर्वी दाब पुन्हा भाराप्रमाणे करून घ्या.

चाकांवरचा भार काढता आला तर उत्तम, पण गाडी उत्पादकाने नेमून दिलेल्या जागीच जॅक लावून मजबूत स्टँडवर ठेवा. कोपऱ्यांतले पाय गाडी डुलू नये म्हणून असतात. त्यांच्यावर गाडी उचलली तर पाय तरी वाकतील, नाहीतर सांगाडा तरी. उचलणं जमणार नसेल तर निदान सामान आणि पाणी काढा. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. टायरखाली जाड प्लायवूड ठेवा. टायरचा टेकणारा भाग त्यावर पूर्ण मावला पाहिजे, कड अर्धवट बाहेर राहिली तर तिथे जादा दाब येतो. हँडब्रेक सोडून चाकांना ठोकळे लावा.

महिन्यातून एकदा पाव फेरा चाक फिरवलं तर सपाट डाग टळतो, पण मेण वर येण्याइतकं रबर त्याने हलत नाही. 15-20 किमीची फेरी मारणं केव्हाही चांगलं. जागेवर इंजिन चालू ठेवल्याने टायरला काडीचा फायदा नाही.

प्रश्न : पॉलिश लावल्यावर टायर काळेभोर दिसतात. त्याने संरक्षण मिळतं का?

उत्तर : चमक मिळते, एवढंच. पेट्रोलियम द्रावक असलेलं पॉलिश रबरातलं संरक्षक मेणच काढून टाकतं. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. टायर वाळल्यावर ऊन आरपार जाणार नाही असं फिक्या रंगाचं कव्हर घाला.

प्रश्न : कॅरॅव्हॅनची (गाडीमागे जोडून ओढायच्या फिरत्या घराची) चाकं काढून वर्कशॉपमध्ये ठेवली तर?

उत्तर : तिथे वेल्डिंग होत असेल किंवा ठिणग्या उडणाऱ्या विजेच्या मोटर चालत असतील तर नको, त्यांच्यातून ओझोन तयार होतो. तेल-पेट्रोलचे डबेही जवळ नकोत. अंधारी, थंड, कोरडी खोली बघा आणि चाकं रिमसकट आडवी ठेवा. कोणतं चाक कुठलं ते खडूने लिहून ठेवा. परत बसवताना नट टॉर्क पान्याने ठरलेल्या मापाने आवळा आणि सुमारे 50 किमी चालल्यावर पुन्हा तपासा.