सापांबद्दल ऐकलेल्या गोष्टींपैकी खरं काय आणि थापा काय?

साप दूध पितो ही शुद्ध थाप, नागपंचमीला जो पिताना दिसतो त्याला गारुड्याने कित्येक दिवस पाण्याविना ठेवलेलं असतं, मग तो समोर येईल ते पितो बिचारा आणि नंतर त्या दुधानेच आजारी पडतो. धामण गाईच्या पायाला वेढा घालून दूध पिते हेपण तसलंच, ती बिनविषारी आहे, उंदीर खाते, शेतकऱ्याच्या फायद्याचीच. नाग डूख धरतो वगैरे सगळं पिक्चरमधलं.

आता जे थाप वाटतं पण खरं आहे ते बघा. मेलेल्या सापाचं तुटलेलं डोकंसुद्धा काही वेळ चावू शकतं, विषासकट, त्यामुळे मारून झाला म्हणून हात लावायला जाऊ नका. मण्यार रात्री झोपेत चावली तर कधीकधी दुखतपण नाही, माणसाला कळतच नाही (हे मला सगळ्यात डेंजर वाटतं). नागराजाची (किंग कोब्राची) मादी पाला गोळा करून चक्क घरटं बांधते. आणि सर्पदंशावरचं इंजेक्शन घोड्याच्या रक्तापासून बनतं, घोड्याला थोडंथोडं विष टोचत राहायचं, मग त्याच्या रक्तात विषाला मारणाऱ्या अँटीबॉडीज तयार होतात, त्या काढून घ्यायच्या, मुंबईत हाफकिन संस्थेत हेच काम चालत आलंय.